दुप्पट वेगाने बालसंरक्षण

शनिवारची सकाळची शाळा. फळ्यावर तारीख लिहून व्हायची आहे, पहिलीतल्या दोघांची रड अजून थांबायची आहे, तेवढ्यात केंद्रातल्या शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश येऊन पडतो. अत्यंत तातडीचे. विद्यार्थी सुरक्षा व शालेय हिंसाचार प्रतिबंध या विषयावरील ऑनलाइन प्रशिक्षण सर्व शिक्षकांनी आज सायंकाळी पाचपर्यंत पूर्ण करावे. शंभर टक्के पूर्तता अपेक्षित. प्रमाणपत्र लिंकवर अपलोड करावे. सोबतच्या यादीत लाल रंगात दाखवलेल्या शाळांच्या मुख्याध्यापकांनी व्यक्तिशः लक्ष घालावे. संदेशाखाली लगेच अंगठ्यांची रांग लागते. अंगठा हा आपल्या राज्यकारभारातला जुनाच पुरावा. पूर्वी शाई लागायची, एवढाच फरक.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला हा संदेश दाखवा. तो फक्त तारीख विचारेल. मजकूर त्याला पाठ आहे.

मग कोर्स सुरू होतो. म्हणजे फोन सुरू होतो. तो हजेरीपटाला टेकवून टेबलावर उभा केला जातो आणि व्हिडिओतल्या तज्ज्ञ मॅडम दुप्पट वेगाने बोलू लागतात. घाबरलेल्या मुलाशी सावकाश, शांत आवाजात बोलावं, हे त्या इतक्या झपाट्याने सांगतात की ऐकणारं मूल असतं तर आणखी घाबरलं असतं. बाई तोवर खिचडीचे तांदूळ मोजून देतात, आधार न जुळलेल्या तीन मुलांची माहिती परत भरतात, गळकी टाकी बघून येतात. व्हिडिओ पुढे ढकलता येऊ नये अशी सोय कोर्सवाल्यांनी केलेली असते. तो कोणीतरी बघावाच, अशी सोय अजून कोणाला जमलेली नाही. प्रश्नमंजुषेची उत्तरं तर कोर्सच्या लिंकआधीच ग्रुपवर आलेली असतात. पाठवणाऱ्या सरांनी खाली 'एकदा खात्री करून घ्यावी' असंही लिहिलेलं असतं. एवढी सचोटी या पेशात अजून शिल्लक आहे.

आणि ज्यांना हेही जमत नाही त्यांच्या घरी आठवीतला मुलगा असतो. 'बाळा, एवढं माझं ते लिंकचं करून दे ना.' बाळ क्रिकेट बघता बघता करून देतं. बालसंरक्षणाचं प्रमाणपत्र थेट बालकानेच मिळवावं, याहून मोठा बालसहभाग कुठल्या धोरणात लिहिलेला नसेल.

प्रश्नमंजुषेचा एक नमुना मीच तयार करून देतो. अस्सल आणि नक्कल यांतला फरक ओळखणाऱ्याचा गुलाबपुष्प देऊन सत्कार. 'मधल्या सुट्टीत दोन विद्यार्थी मारामारी करताना आढळल्यास शिक्षकाने काय करावे? (अ) दुर्लक्ष करावे. (ब) दोघांनाही मारावे. (क) मोबाइलवर चित्रण करावे. (ड) दोघांनाही शांतपणे वेगळे करून, त्यांच्या भावना समजून घेऊन, संवादातून समस्येचे निराकरण करावे व आवश्यकतेनुसार पालक व समुपदेशक यांचे सहकार्य घ्यावे.'

सगळ्यांत लांब पर्याय बरोबर, हे चौथीतलं पोरही सांगेल. पण मधल्या सुट्टीत खरोखर मारामारी होते तेव्हा अ, ब, क, ड असे रांगेत उभे राहत नाहीत. एकाच्या नाकातून रक्त येत असतं, दुसऱ्याच्या हातात कंपासपेटीतलं कर्कटक असतं, भोवती साठ मुलं 'मार, मार' म्हणून ओरडत असतात. शाळा द्विशिक्षकी असते आणि दुसरे गुरुजी तालुक्याला गेलेले असतात. कशाला? विद्यार्थी सुरक्षेच्या आढावा बैठकीला. शिपाई नसतोच. समुपदेशक हा प्राणी फक्त (ड)मध्ये आढळतो.

हे सगळं एका रात्रीत उगवलेलं नाही. २०१७ मध्ये 'दीक्षा' हे शिक्षणाचं ऑनलाइन व्यासपीठ आलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये 'निष्ठा' हा केंद्र सरकारचा शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रम. निष्ठाचं उद्दिष्ट देशातल्या ४२ लाख शिक्षकांना गाठायचं. आधी प्रशिक्षण समोरासमोर होतं. करोना आला, आणि २०२० च्या ऑक्टोबरपासून ते अठरा भागांत दीक्षावर गेलं. त्या अठरांतला एक भाग बालहक्क, मुलांचं लैंगिक शोषण आणि पोक्सो कायदा यांवरचा. कल्पना चांगली होती. फक्त त्या वेळी शाळेत मूल नव्हतं. वर्ग बंद, फाटकाला कुलूप, आणि देशभरातले शिक्षक घरी बसून वर्गात मुलांशी कसं वागावं ते शिकताहेत. पुढे मुलं आली तेव्हा शिकलेलं विसरायला पुरेसा वेळ मिळून गेला होता.

निष्ठाच्या नंतरच्या फेऱ्यांत प्रमाणपत्रासाठी ७० टक्के गुण लागू लागले. म्हणजे बालसंरक्षणात तीस टक्के सूट. भूगोलात सत्तर चालतात, एखादी नदी हुकली तरी ती वाहायची थांबत नाही. पोक्सोतले हुकलेले तीस टक्के नेमके कोणते, हे मात्र एखाद्या मुलीच्या वाट्याला आल्यावरच कळतं. त्यातच २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकास साधावा असं सांगितलं. तास मोजता येतात, म्हणून तेच मोजले जातात.

एक गोष्ट कोर्सवाल्यांच्या बाजूने सांगायला हवी. मजकूर वाईट नसतो. यातले काही भाग मी बघितले आहेत, एकपट वेगाने. लिहिणाऱ्यांनी मनापासून लिहिलंय, कायदा बरोबर सांगितलाय, उदाहरणंही बरी आहेत. गडबड होते ती व्हिडिओ संपल्यानंतर. पडद्यावर प्रमाणपत्र येतं, त्यावर नाव, तारीख, क्यूआर कोड. त्या क्षणी मूल सुरक्षित झालेलं नसतं, पण वरचा अधिकारी झालेला असतो. उद्या काही विपरीत घडलंच तर फाइल उघडता येते: शासनाने प्रशिक्षण दिले होते, शिक्षकाने ते पूर्ण केले होते, सबब जबाबदारी शिक्षकाची. त्या क्यूआर कोडमध्ये आणखी काही असलं तर मला ते स्कॅन करून दिसलं नाही.

कायदा खरं तर सरळ आहे. पोक्सो, २०१२. कलम १९ म्हणतं की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. मुख्याध्यापकांना सांगितलं की आपली सुटका, असं त्यात नाही. केंद्रप्रमुख नाहीत, संस्थेचे चिटणीस नाहीत, गावचे प्रतिष्ठित तर नाहीतच. आधी आपण खातरजमा करू मग बघू, ही पायरीही नाही. ते काम पोलिसांचं. कलम २१ म्हणतं की न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. शिवाय सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही, अशी हमीही कलम १९ मध्येच दिलेली आहे.

म्हणजे बाईंना कोर्टापासून संरक्षण मिळालं. संस्थाचालकांपासून द्यायचं राहिलं.

समजा, पाचवीतली मुलगी बाईंना काहीतरी सांगते. बाई शिक्षणसेवक आहेत. महिना सोळा हजार मानधन, तीन वर्षं. हे मानधन २०२३ उजाडेपर्यंत सहा हजार होतं, तेव्हा सोळा हजार म्हणजे चैनच. मुलीने ज्याचं नाव घेतलं तो संस्थेतल्या कोणाचा तरी भाचा आहे. बाई मुख्याध्यापकांकडे जातात, मुख्याध्यापक बाईंना घेऊन कार्यालयात जातात, आणि तिथे चहा मागवला जातो. चहा मागवला की समजावं, प्रकरण मिटवायला घेतलंय. 'बाई, आपण आधी आपल्यात बसून बोलू. संस्थेचं नाव आहे. दादांनी उभी केलेली शाळा आहे. आणि त्या मुलीच्याही पुढच्या आयुष्याचा विचार करायला हवा ना.' संस्थेचं नाव आधी, दादा मग, मुलगी शेवटी. हा क्रम मी इतक्या जणांकडून ऐकलाय की तो एखाद्या परिपत्रकात असावा असं वाटतं.

या प्रसंगावर प्रश्नमंजुषेत एकही प्रश्न नसतो. कसा असेल? 'संस्थाचालकांनी तक्रार मागे घ्यायला सांगितल्यास शिक्षकाने काय करावे?' असा प्रश्न विचारला तर लांबलचक (ड) लिहिताना कोर्स तयार करणाऱ्याचाच हात थांबेल.

चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला एका शालेय वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण २०१९ मध्ये उघडकीला आलं. माहीत असूनही कळवलं नाही म्हणून एका डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द करण्याचा तो आदेशच रद्द केला, आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं. एवढा महाराष्ट्रातला, एवढा शाळेशी संबंधित निकाल. स्टाफरूममध्ये कोणाला विचारा. राजुऱ्याचा उल्लेख बदलीच्या संदर्भातच निघेल.

आणि बदलापूर. ऑगस्ट २०२४. बालवर्गातल्या जेमतेम चार वर्षांच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार, आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी. पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास थांबावं लागलं. शाळेच्या कॅमेऱ्यांचं पंधरा दिवसांचं चित्रणच सापडत नाही, असं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर कळवलं नाही म्हणून गुन्हा दाखल झाला. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि २१ ऑगस्टला शासन निर्णय निघाला. रेल्वे थांबली की मंत्रालय धावतं, हे त्या दिवशी वेळापत्रकासकट सिद्ध झालं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन समिती नेमली. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मारला गेला, आणि मग राज्य गोळीबद्दल बोलत राहिलं. शाळेबद्दलचं बोलणं तिथेच आटोपलं.

त्या शासन निर्णयात होतं काय? महिन्याभरात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी, तक्रारपेटी, आणि मुलांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारी सखी सावित्री समिती. यातली सखी सावित्री समिती २०२२ च्या मार्चमध्येच स्थापन करायला सांगितलेली होती. तक्रारपेटी त्याहून जुनी. आधीच्या आदेशाचं काय झालं हे कळण्यासाठी आपल्याकडे नवा आदेश काढावा लागतो. मग शाळाशाळांत धावपळ झाली. चार बायकांना बोलावून समितीचा फोटो काढला, तोही जीपीएस कॅमेऱ्याच्या ॲपमधून, म्हणजे अक्षांश-रेखांश उमटले पाहिजेत. समिती कुठे उभी होती हे त्यामुळे सेकंदासकट सांगता येतं. ती बसली कधी, हे ॲपला कळत नाही.

यूट्यूबवरचं राज्यस्तरीय मार्गदर्शन हा आणखी एक बघण्यासारखा प्रकार. पडद्यावर तीन तज्ज्ञ. पहिली वीस मिनिटं स्वागत, प्रास्ताविक, मान्यवरांचा परिचय आणि 'माझा आवाज येतोय का?' बाजूला प्रतिक्रियांचा प्रवाह सुरू. 'जि. प. शाळा अमुक, ता. तमुक, उपस्थित.' 'दोन्ही शिक्षक उपस्थित.' 'उपस्थित. नेटवर्क प्रॉब्लेम.' 'खूप छान मार्गदर्शन' हे तर मार्गदर्शन सुरू व्हायच्या आधीच येतं. या हजेरीच्या लोंढ्यात मध्येच एक ओळ वर सरकताना मी वाचली आहे: 'मॅडम, तक्रार संस्थेतल्याच माणसाविरुद्ध असेल तर आम्ही कोणाकडे जायचं?' खालून पाच-सहा 'उपस्थित' आले आणि ती ओळ पडद्याबाहेर गेली. तज्ज्ञ मॅडम त्या वेळी बालहक्कांच्या जागतिक इतिहासात होत्या.

आता जरा अवघड जागेचं दुखणं. या प्रशिक्षणांत हिंसा नेहमी दुसरीकडून येते. मोठ्या वर्गातल्या दांडगटाकडून, व्हॅनच्या ड्रायव्हरकडून, इंटरनेटवरून, फाटकाबाहेरच्या टपरीवरून. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा हात तिच्यात क्वचितच येतो. आला तर एका ओळीपुरता: शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई. पुढची स्लाइड.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालशोषणावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यं, महाराष्ट्र त्यांत होताच. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत मार किंवा शारीरिक शिक्षा झाल्याचं सांगितलं. हे कायद्याआधीचं, हे खरं. पण कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला म्हणून २ एप्रिलला पट्ट्या मोडून टाकल्या गेल्या, असं काही झालेलं नाही. अत्र्यांच्या 'श्यामची आई'तलं छडीचं गाणं आजही स्नेहसंमेलनात हमखास असतं, आणि त्यावर सगळ्यांत जोरात टाळ्या पालकांच्या रांगेतून येतात. 'सर, चांगला बदडा, पण पास करा' हे वाक्य घेऊन शाळेत येणारा बापही आपल्याच गल्लीतला. स्टाफरूममधलं पेटंट वाक्य तर सगळ्यांना ठाऊक आहे: 'आम्ही नाही का मार खाल्ला? काय बिघडलं आमचं?' बिघडलं नसतं तर हा प्रश्न इतक्या चढ्या आवाजात आला नसता.

शहापूरमध्ये २०२५ च्या जुलैत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून कोणाला पाळी आली आहे हे बघायला मुलींना कपडे उतरवायला लावलं, अशी तक्रार झाली. मुख्याध्यापिकेला अटक झाली. वसईत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सहावीतली एक मुलगी गेली. शाळेत उशिरा आली म्हणून दप्तर पाठीवर घेऊन शंभर उठाबशा काढायला लावल्या, त्यानंतर ती आजारी पडली, असा घरच्यांचा आरोप. गुन्हा दाखल झाला. या दोन्ही ठिकाणी हिंसा करायला बाहेरून कोणी फाटक ओलांडून आलं नव्हतं. उशीर आणि डाग ही दोन कारणं होती, आणि शिस्त लावतो आहोत असं मोठ्या माणसांना वाटत होतं. यावर कुठला बहुपर्यायी प्रश्न काढणार?

याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला आदिवासी पोरांच्या पाड्यावर जाऊन, अंगणातच बालवाडी भरवत होत्या. मुलाला आवडलं तरच ते येईल, अशी स्थिती असल्यावर मारण्याचा प्रश्न उरतो कुठे? मूल उठून निघूनच जाईल. हा धडा मात्र आपण जयंतीच्या दिवसापुरता राखून ठेवलाय.

शिक्षकांवर फार हात साफ करून घेतला असं कोणाला वाटेल. तर एक बाजू अशीही आहे की शिक्षकही मार खातात. नापास केलं म्हणून, फोन काढून घेतला म्हणून, कधी मुलाच्या बापाकडून, कधी बापाच्या कार्यकर्त्यांकडून. त्या दिवशी संस्था म्हणते, 'सर, तुम्हीच जरा समजुतीने घ्यायचं होतं.' म्हणजे सरांना एक कोर्स कमी पडला.

मुलामुलांतली हिंसा तर कोर्सच्या पुढे दोन वर्गांनी निघून गेली आहे. जगभरातल्या शाळकरी मुलांपैकी जवळपास तीनांतल्या एकाला महिन्याभरात सोबत्यांकडून छळ सोसावा लागल्याचं युनेस्कोने २०१९ मध्ये मांडलं. मग नोव्हेंबरमधला पहिला गुरुवार त्यासाठी दिन म्हणून ठरला. दिन ठरला की आपल्याकडे अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं म्हणजे अहवाल. इकडे नववीतल्या मुलीचा फोटो बदलून इन्स्टाग्रामवर टाकला जातो, वर्गातल्या मुलांचा एक ग्रुप असतो ज्यात एकच मुलगा नसतो, आणि त्याचं काय करायचं यावर त्या ग्रुपमध्ये मतदान चालतं. पुण्यात कोयते नाचवणाऱ्या टोळक्यांच्या बातम्यांत दहावीच्या वयाची पोरं निघतात, वाढदिवसाचा केक त्यांना कोयत्यानेच कापायचा असतो. शाळेचं यावरचं उत्तर म्हणजे सोमवारी दप्तर तपासणी. कोयता दप्तरात सापडत नाही. सापडते ती लिपस्टिक, आणि बोलणी खाते ती मुलगी.

मग ऑनलाइन शिकणं फेकून द्यायचं का? मुळीच नाही. जुन्या पद्धतीचं गुणगान करणाऱ्यांना तिची आठवण राहिलेली दिसत नाही. पुण्याला कुमठेकर रस्त्यावर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत तज्ज्ञ तयार व्हायचे, ते जिल्ह्यात डायटला, म्हणजे जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेला सांगायचे, जिल्हावाले तालुक्याला, तालुकावाले केंद्राला. पुण्याचं लोणी केंद्रावर येईपर्यंत पाणीदार ताक व्हायचं, आणि ते ताकही दुपारच्या जेवणानंतर वाढलं जायचं. त्यापेक्षा धडगावच्या किंवा भामरागडच्या शिक्षिकेला मुंबईतल्या समुपदेशकाचं बोलणं थेट कानावर पडतं, ही किती मोठी गोष्ट आहे. मुंबईच्या 'अर्पण'सारखी संस्था मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २००६ पासून काम करते आणि शिक्षकांना घरबसल्या शिकता येईल असे कोर्स तिने केले आहेत. ज्याला शिकायचं आहे त्याच्यासाठी दार उघडं आहे. ज्याला फक्त लाल रंगातून बाहेर पडायचं आहे त्याच्यासाठीही तेच दार आहे, अडचण तिथे आहे.

अडीच तासांच्या व्हिडिओऐवजी पंधरा मिनिटांचा सराव ठेवा. फोनवर, पण समोर जिवंत माणूस बसवून. समोरचा मूल होतो आणि सांगतो, 'बाई, एक सांगू? पण कोणाला सांगणार नाही ना?' आता बोला. इथे दहांतल्या नऊ जणी मायेने म्हणतील, 'नाही गं, नाही सांगणार कोणाला.' आणि तिथेच अडकतील, कारण हे वचन पाळलं तर कायदा मोडतो आणि मोडलं तर मूल. म्हणायचं असतं ते असं, की तू मला सांगितलंस ते फार बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही, आणि तुला मदत करू शकतील अशा माणसांना मला हे सांगावं लागेल. मग तिच्याच शब्दांत, त्याच दिवशी, वेळेसह लिहून ठेवायचं. पुन्हा पुन्हा विचारायचं नाही. खरं-खोटं करण्यासाठी त्या माणसाला समोर उभं करायचं नाही. वर्गासमोर तर नाहीच. आणि मुलीचं नाव ग्रुपवर टाकून 'अशा वृत्तीचा निषेध' करायचा नाही. तिची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे, निषेधाच्या पोस्टमध्येसुद्धा. हे सगळं वाचून लक्षात राहत नाही. चार वेळा तोंडाने म्हटलं तर राहतं. मारामारी सोडवण्याचंही तसंच. आधी बघ्यांना पांगवायचं की आधी कर्कटक काढून घ्यायचं, हे एकदा अंगणात उभं राहून करून बघावं लागतं.

आणि एक फोन नंबर. १०९८. चाइल्डलाइनची ही सेवा १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. अलीकडे सरकारने ती आपल्या यंत्रणेत घेऊन ११२ शी जोडली. नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो, बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, म्हणजे फोन करायला निघालेलं मूल साहेबांना दिसलं पाहिजे. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूने रंगवा म्हटलं, तर उत्तर मिळतं की तिथे फोटो काढता येत नाही, अपलोड काय करणार?

संस्थाचालकांसाठी असा सक्तीचा, लाल यादीवाला कोर्स निघाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. कायद्यात त्यांची शिक्षा शिक्षकाच्या दुप्पट आहे, तेव्हा अभ्यासक्रमही दुप्पट असायला हरकत नसावी. तोवर पालकांनी एक करावं. पुढच्या पालकसभेत सहलीच्या पैशांवरून भांडण सुरू व्हायच्या आधी हात वर करून दोनच गोष्टी विचाराव्यात. तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते? आणि सखी सावित्री समिती शेवटची कधी बसली? पहिल्याचं उत्तर 'आमच्याकडेच, सुरक्षित आहे' असं आलं, तर पेटी शेवटची कधी उघडली तेही विचारून घ्या. दुसऱ्याचं उत्तर 'बाहेर बोर्डावर फोटो लावलाय' असं आलं, तर बाहेर जाऊन फोटोखालची तारीख वाचा. अक्षांश-रेखांशाच्या बरोबर खाली असते.